आपल्याच माणसांनी आपल्याच जहाजाला लावलेला सुरुंग

जुना खलाशी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

परवा पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी आणायला गेलो होतो. लिलाव संपत आला होता. सागरी पोलिसांचे दोन शिपाई एका ट्रॉलरवर चढून खलाशांची कार्डं बघत होते. डिझेल कुठे भरलं, किती दिवस बाहेर होतास, असं तांडेलाला विचारत होते. मी नेहमी ज्यांच्याकडून घेतो त्या मावशी बर्फावर बोंबील पसरता पसरता म्हणाल्या, "कवच लागलंय. उद्या संध्याकाळपर्यंत चालेल. परवा कोणी नसेल बघा."

घरी येईपर्यंत ते बोलणं डोक्यातून गेलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सागर कवच ही २६/११ नंतर सुरू झालेली किनारा सुरक्षेची कवायत, साधारण सहा महिन्यांनी एकदा होते. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, कस्टम, मत्स्यव्यवसाय खातं, बंदरवाले असे सगळे उतरतात. दोन बाजू पाडतात. लाल बाजूचे लोक अतिरेकी बनून मासेमारी बोटीतून किनारा गाठायला बघतात, निळ्या बाजूने त्यांना वाटेत धरायचं. दोन्हीकडे वर्दीतलीच माणसं. जानेवारी २०१९ पासून याच धर्तीवर देशाच्या संपूर्ण किनाऱ्यासाठी 'सी व्हिजिल' हा मोठा सरावही होतो.

मी नौदलात पंधरा वर्षं काढली. जहाजाचं नाव आणि साल सांगत नाही, पण ती रात्र सांगतो.

जहाज मुंबईत धक्क्याला लागलेलं. माझी मिडल वॉच, म्हणजे रात्री बारा ते चार. सराव चालू असल्याचं सांगितलेलं होतं, आमचेच मार्कोस, म्हणजे नौदलाचे कमांडो, पाण्याखालून येऊ शकतात हेही सांगितलेलं होतं. मी डोळ्यांत तेल घालून उभा होतो, हे आजही शपथेवर सांगेन. दर पाच-दहा मिनिटांनी कठड्याशी जाऊन टॉर्च मारायचो आणि पाण्यावर बुडबुडे शोधायचो. अडीच वाजता लॉगमध्ये लिहिलं, 'सर्व ठीक'. तीन वाजता पुन्हा लिहिलं, 'सर्व ठीक'.

सकाळी जहाजाच्या बुडाची तपासणी झाली. मुंबईच्या बंदरातलं पाणी तुम्ही पाहिलेलं आहे. पुढे केलेला स्वतःचा पंजा दिसत नाही, पाणबुड्याला हातानेच चाचपत जावं लागतं. पंख्याच्या दांड्याजवळ त्यांच्या हाताला जेवणाच्या ताटाएवढी, चुंबकाने चिकटलेली लोखंडी चकती लागली. नकली सुरुंग. त्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर फक्त वेळ: दोन चाळीस.

म्हणजे माझ्या दोन 'सर्व ठीक'च्या मधली.

मी बुडबुडे शोधत होतो, पण मार्कोसच्या उपकरणात सोडलेला श्वास आतल्या आतच फिरतो. बुडबुडे येतच नाहीत. ही साधी गोष्ट त्या रात्रीपर्यंत मला कोणी सांगितली नव्हती.

तेव्हापासून आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांवर केलेल्या छाप्यांबद्दल मिळेल ते वाचत आलो. त्यातल्या दोन गोष्टी इथे सांगाव्याशा वाटतात.

पहिली ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिल बंदरातली. जून १९४३. झेड स्पेशल युनिट नावाच्या गुप्त पथकाला जपान्यांच्या ताब्यातल्या रबाउल बंदरावर छापा घालायचा होता. सॅम कॅरी हा त्यांचा प्रमुख. त्याने ठरवलं की आधी आपलंच एक बंदर मारून बघू. दहा माणसं, घडीच्या छोट्या होड्या आणि नकली सुरुंग. रात्रीतून बंदरातल्या जहाजांना सुरुंग चिकटवून ते पसार झाले. त्यात विनाशिकाही होत्या. सकाळी बंदरात हलकल्लोळ. सुरुंग नकली आहेत हे ठाऊक नसल्याने त्यांना हात लावायलाही कोणी धजेना. शेवटी कॅरीला धरलं. ज्याने भोक दाखवलं त्यालाच आधी अटक झाली.

त्याच झेड युनिटने सप्टेंबर १९४३ मध्ये 'जेविक' मोहिमेत सिंगापूर बंदरात शिरून सात जहाजांना खरे सुरुंग लावले. ती माणसं गेली ती एका जुन्या जपानी मासेमारी बोटीतून, स्थानिक कोळ्यांचा वेष करून. बोटीचं नाव 'क्रेट', म्हणजे आपला मण्यार साप. ही बोट १९४२ मध्ये मुंबईत होती आणि इथूनच मालवाहू जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला नेली गेली. ज्या शहरातून मासेमारी बोटीच्या आडून करायच्या छाप्याची बोट गेली, त्याच शहरात २००८ मध्ये 'कुबेर' पळवून दहा जण आले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही.

दुसरी गोष्ट पर्ल हार्बरची, पण १९४१ च्या नऊ वर्षं आधीची. हवाई बेटांच्या संरक्षणाचा भार तेव्हा अमेरिकन लष्करावर होता आणि सरावात हल्लेखोर बनायचं होतं नौदलाने. अ‍ॅडमिरल यार्नेलने अवजड युद्धनौका मागे ठेवल्या, सॅराटोगा आणि लेक्सिंग्टन या दोन विमानवाहू नौका तेवढ्या पुढे काढल्या आणि रविवारी, ७ फेब्रुवारी १९३२ ला पहाटे १५२ विमानं सोडली. लष्कराचे धावपट्टे आणि विमानं जागच्या जागी 'नष्ट' झाली. १९३८ मध्ये अ‍ॅडमिरल किंगने सॅराटोगावरून पुन्हा तेच करून दाखवलं. मग ७ डिसेंबर १९४१ आला. तोही रविवारच होता.

आता माझा प्रश्न. छापा घालणारे बहुतेक वेळा आत शिरतातच, कारण ते निवडलेले, तरणेबांड, आणि वेळ त्यांनी ठरवलेली असते. ते आत शिरले याचं मला दुःख नाही. शिरल्यानंतर ती गोष्ट कुठे जाते? पहाऱ्यावरच्या माणसापर्यंत येते का? की कोणाची तरी चौकशी होऊन फाइल बंद होते आणि पुढच्या वेळी सरावाची तारीख आधीच फुटते? धक्क्यावरच्या मावशींना कवच कधी संपणार हे ठाऊक होतं. मग लाल बाजूची वाट कोण, कशासाठी बघणार?

ज्यांनी असे सराव जवळून पाहिलेत त्यांनी लिहा.

---

किल्लेवेडा

धागा आवडला, वाचनखूण साठवली.

रायगडाबद्दल एक कथा सांगतात. गड बांधून झाल्यावर महाराजांनी जाहीर केलं की दरवाजा सोडून दुसऱ्या कुठल्याही वाटेने जो वर येऊन दाखवेल त्याला होनांची थैली आणि सोन्याचं कडं. एक महार गडी कड्यावरून चढून आला आणि वर निशाण लावलं. महाराजांनी शब्द पाळला, थैली आणि कडं दिलं, आणि ज्या वाटेने तो आला ती बंद करून घेतली. हिरकणीची गोष्ट सगळ्यांच्या तोंडी असते, ही फारशी कोणी सांगत नाही. आधी इनाम, मग वाटेचा बंदोबस्त, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कॅरीच्या बाबतीत नेमकं उलटं झालं.

---

वेसावची नाखवीण

मी वेसावची. घरची बोट आहे. सासरे, नवरा, दीर सगळे दर्यावर.

कवच लागलं की आमची बोट दिवसातून तीन-तीनदा थांबवतात. तक्रार नाही, थांबवावीच. पण एक सांगते. एका वर्षी लाल बाजूवाले आमच्याच बंदरातल्या एका बोटीतून निघाले होते. आमच्या पोरांनी ती बोट लांबून बघितली आणि वायरलेसवर एकमेकांना सांगितलं, 'हिच्यावर आपली माणसं नाहीत.' कसं कळलं? जाळं उलटं रचलेलं होतं आणि ओहोटी लागली तरी डोलीकडे, म्हणजे पाण्याच्या ओढीवर लावायच्या जाळ्याकडे, कोणी बघत नव्हतं. खरा खलाशी पाण्याची वेळ कधी चुकवत नाही. पोरांनी पोलिसांना फोनही केला. पुढे त्या फोनमुळे बोट सापडली का, आमचं बरोबर होतं का चूक, ते आजतागायत कोणी येऊन सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. बंदीच्या दिवसांत आमच्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, ताडपत्री घातलेली असते. दर्यावर आमचा एक डोळा नसतो. २०११ मध्ये जूनमध्ये 'विस्डम' जुहूला येऊन रुतलं आणि ३१ जुलैला 'पवित'. ते 'पवित' तर ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं, महिनाभर वाहत वाहत जुहू चौपाटीवर आलं. एवढं मोठं तेलाचं जहाज वाळूत लागेपर्यंत कोणाला दिसलं नाही. आमच्या होड्या बाहेर असत्या तर ते कोणाच्या तरी जाळ्यावरून गेलं असतं आणि बोंब झाली असती. तेव्हा भर पावसात, उधाणात, बंदीच्या काळात कवच लावा आणि मग बघा.

---

जुना खलाशी

ताई, उलटं रचलेलं जाळं आम्हा वर्दीवाल्यांना दहा जन्मांत दिसलं नसतं. २६/११ च्या रात्री बधवार पार्कजवळ ते अतिरेकी उतरले तेव्हाही त्यांना पहिल्यांदा हटकलं ते कोळीवाड्यातल्या लोकांनीच.

पावसाळ्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. त्यात एक भर घालतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन तमिळ माणसं कुवेतमधल्या मालकाच्या जाचाला कंटाळून त्याचीच बोट घेऊन निघाली, ती थेट मुंबईत. पोलिसांच्या गस्ती बोटीला दिसली तोवर गेटवे जवळ आलेलं होतं. बिचाऱ्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण कोणीही न ठरवलेली, तारीख न फुटलेली अशी ती परीक्षाच झाली आणि तिचा निकाल सगळ्यांसमोर आहे.

---

सावधचित्त

विषय चांगला असला तरी असं उघड लिहावं का? कोण वाचतंय सांगता येत नाही. आपल्या सुरक्षेतल्या फटी चव्हाट्यावर मांडू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

---

जुना खलाशी

तुमची काळजी रास्त आहे, म्हणूनच जहाज, साल, धक्का काहीही लिहिलेलं नाही. बाकी जे आहे ते वर्तमानपत्रांत आणि इतिहासात छापून आलेलं आहे. पाण्याखालून सुरुंग लावता येतो हे काही गुपित नाही. अलेक्झांड्रियात डिसेंबर १९४१ मध्ये सहा इटालियन पाणबुड्यांनी ब्रिटिशांच्या 'व्हॅलियंट' आणि 'क्वीन एलिझाबेथ' या दोन युद्धनौका बंदरातच तळाला बसवल्या. ऑगस्ट १९७१ मध्ये 'ऑपरेशन जॅकपॉट'मध्ये पलाशीला तयार झालेल्या मुक्तिवाहिनीच्या पोरांनी छातीला सुरुंग बांधून चितगाव आणि मोंगला बंदरांतली जहाजं उडवली. त्यांना शिकवणारे आपल्याच नौदलातले होते. आपण हे दुसऱ्यावर केलेलं आहे. ते आपल्यावरही होऊ शकतं हे पहाऱ्यावरच्या पोराला ठाऊक असलंच पाहिजे.

---

गणिताचा तास

सराव हरल्यावर काय करतात याचं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे अमेरिकेचं 'मिलेनियम चॅलेंज २००२'. खर्च २५ कोटी डॉलर. लाल बाजूचे प्रमुख होते मरीन दलाचे निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर. समोरच्यांनी रेडिओ संदेश ऐकू नयेत म्हणून त्यांनी निरोप मोटारसायकलवरून धाडले आणि छोट्या बोटी व क्षेपणास्त्रांचा एकदम मारा करून निळ्या आरमाराची १६ जहाजं बुडवली. संयोजकांनी काय केलं? बुडालेली जहाजं पुन्हा तरंगवली आणि लाल बाजूवर बंधनं घातली. व्हॅन रायपरनी मध्येच आपली भूमिका सोडली.

मी शाळेत शिकवतो. नापास झालेल्या मुलाचा पेपर फाडून त्याला नवा, सोपा पेपर देण्यासारखं आहे हे. त्या मुलाचं भलं होत नाही.

---

कॉन्स्टेबलची लेक

बरेच दिवस फक्त वाचते आहे, पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझे बाबा निवृत्तीच्या आधी काही वर्षं सागरी पोलीस ठाण्यात होते. कुठल्या ते लिहीत नाही. बदली झाली तेव्हा चोपन्न वर्षांचे, जन्म घाटावरचा, पोहता येत नव्हतं. बोट लागायची. उलट्या करून यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. आई डब्यात लिंबू चिरून द्यायची.

एका सरावात लाल बाजूचे लोक त्यांच्या हद्दीतून वर आले. बाबांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी उत्तर लिहिलं, मीच टाइप करून दिलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की गस्तीची बोट दुरुस्तीला गेलेली होती आणि तशी नोंद स्टेशन डायरीत आहे. त्यावर पुढे काही झालं नाही, ना शिक्षा ना बोट. पण त्या दिवसापासून ते सरावाला 'परीक्षा' म्हणायचे नाहीत, 'सापळा' म्हणायचे.

तेव्हा या निवडलेल्या, तयारीच्या लोकांचं कौतुक करताना पलीकडे कोण उभं असतं तेही बघा. तिशीतला कमांडो एका बाजूला आणि माझे बाबा दुसऱ्या बाजूला. कमांडो जिंकला यात त्याने नवीन काय दाखवलं? बोट बंद आहे हे तर डायरीतच लिहिलेलं होतं.

---

मध्यरात्र

ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

तुमच्या मुद्द्याला जोडून. अमेरिकन नौदलात १९८४ मध्ये 'रेड सेल' नावाचं पथक निघालं. आदल्या वर्षी बैरुतला मरीन सैनिकांच्या बराकीत स्फोटकांनी भरलेला ट्रक घुसला होता, त्यात २४१ अमेरिकन गेले. त्यानंतर आपलेच तळ आपणच फोडून बघायचे असं ठरलं. प्रमुख रिचर्ड मार्सिंको, 'सील टीम सिक्स' ही कमांडो तुकडी उभी करणारा. हे लोक तळांमध्ये घुसायचे, सगळ्याचं चित्रीकरण करायचे आणि नंतर तिथल्या अधिकाऱ्यांना दाखवायचे. उपयोग झालाच. पण कॅलिफोर्नियातल्या एका सरावात त्यांनी सुरक्षा विभागातल्या एका मुलकी कर्मचाऱ्याला पळवून नेऊन मारहाण केली आणि तो माणूस कोर्टात गेला. पहारेकऱ्याची लाज काढणं हाच हेतू झाला की सराव कुठे घसरतो ते यातून दिसतं.

---

वेसावची नाखवीण

कॉन्स्टेबलची लेक, बाई, तुझ्या बाबांसारखे एक हवालदार आमच्याकडे यायचे. चहा घ्यायचे, पोरांना नावानिशी ओळखायचे. त्यांना पोहता येत नव्हतं, पण कुठली बोट कधी गेली ते तोंडपाठ. त्यांची बदली झाल्यावर तो चहा बंद झाला. आता सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर बोटीवर रंगवलेत, ते बरंच झालं. पण त्या हवालदारांना आम्ही नंबर न फिरवता सांगायचो.

---

किल्लेवेडा

जुना खलाशी, एक राहिलं. त्या चिठ्ठीनंतर तुमचं काय झालं? शिक्षा झाली का?

---

जुना खलाशी

उशीर झाला, माफ करा. कॉन्स्टेबलची लेक यांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. मी वर 'चौकशी होऊन फाइल बंद' असं एका ओळीत लिहून मोकळा झालो होतो. त्यांच्या घरात ती ओळ कशी आली ते आता कळलं.

किल्लेवेडा, मलाही शिक्षेचीच भीती होती. सकाळी ऑफिसर ऑफ द डेसमोर उभा राहिलो तेव्हा पाय कापत होते. त्यांनी लॉग पाहिला, चिठ्ठी पाहिली, आणि म्हणाले, "रात्री साडेनऊला जेमिनीपाशी ये. जेवून ये."

रात्री आम्ही चौघे रबरी होडीत बसलो. मी, ते, वल्ही मारणारा एक जण, आणि चौथा तो चिठ्ठी लावणारा पाणबुड्या. सातारकडचा, माझ्याच वयाचा. इंजिन लावलं नाही. सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली होती, पाण्याबरोबरच वाहत जहाजाकडे गेलो. पाण्याच्या पातळीवरून आपलं जहाज मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. ब्रोवरच्या, म्हणजे जहाजावर चढायच्या फळीवरच्या, दिव्याचा झोत थेट पहारेकऱ्याच्या तोंडावर होता. आम्हाला तो उजेडात लख्ख दिसत होता, त्याला आमच्याकडे नुसता काळोख. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये जो लाकडी तराफा असतो त्याच्या खाली दीड-दोन हाताची सावली होती. "इथे मी वीस मिनिटं थांबलो होतो," पाणबुड्या म्हणाला. "तू तीनदा टॉर्च मारलास. तिन्ही वेळा त्याच जागी."

वर पहारेकऱ्याने टॉर्च मारला. त्यानेही तिथेच मारला, जिथे मी आदल्या रात्री मारत होतो.

दुसऱ्या दिवशी त्या दिव्याचं तोंड बाहेर पाण्याकडे फिरवलं. मला शिक्षा झाली नाही. महिनाभर नव्याने येणाऱ्या प्रत्येक पोराला रात्री जेमिनीत बसवून जहाजाभोवती फिरवून आणायचं काम मात्र माझ्याकडे आलं.